मदत हवी आहे: विजेवरची गाडी जूनमध्ये येणार आहे, जुन्या इमारतीत चार्जिंगसाठी अर्थिंग कसे करावे?

नमस्कार मंडळी,

आमची विजेवर चालणारी पहिली गाडी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मिळेल, असे विक्रेत्याने आता कळवले आहे. गुढीपाडव्याला नोंदणी केली तेव्हा अक्षय्य तृतीयेचा वायदा होता आणि त्यानंतर तारीख दोनदा पुढे गेली. त्याची तक्रार करण्यासाठी हा धागा काढलेला नाही. या उशिरामुळेच घरच्या चार्जिंगची तयारी शांतपणे तपासायला सवड मिळाली आणि तपासताना जे आढळले, त्यावर जाणकारांचा सल्ला हवा आहे. पाऊस सुरू होण्याआधी खोदकाम उरकायचे असल्यामुळे हाताशी जेमतेम तीन आठवडे आहेत.

आम्ही दादर पूर्वेला, हिंदमाताच्या जवळच्या एका गल्लीत राहतो. इमारत १९९१ सालची, बत्तीस सदनिकांची आहे; गाड्या स्टिल्टखाली (खांबांवर उभ्या इमारतीच्या मोकळ्या तळभागात) उभ्या राहतात आणि वीजपुरवठा बेस्टचा आहे. तळमजल्यावरच्या मीटर केबिनपासून आमच्या पार्किंगपर्यंत केबल तुळयांच्या कडेने न्यायची म्हटली, तर अंतर टेपने मोजून ५८ मीटर भरते. चार्जर बसवण्यासाठी गाडीसोबत जेवढी केबल मोफत मिळते, तिच्या हे अंतर कितीतरी पुढे आहे, त्यामुळे वायरिंगचा बराचसा खर्च आमच्यावरच येणार आहे आणि म्हणूनच ते काम एकदाच पण नीट व्हावे, अशी इच्छा आहे.

गाडीची बॅटरी ४५ किलोवॅट-तासांची, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे. १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालणाऱ्या ३.३ किलोवॅटच्या चार्जरने ती रिकामी ते पूर्ण भरायला चौदा-पंधरा तास लागतात, तर ७.२ किलोवॅटच्या वॉल बॉक्सने (भिंतीवर बसवायच्या चार्जरने) साधारण साडेसहा तास. माझे रोजचे जाणे-येणे ऐरोलीपर्यंतचे, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर आहे. एका युनिटला सात किलोमीटर धरले आणि चार्जिंगमधली घट मिळवली, तरी रोज आठ युनिटांच्या आसपास वीज लागेल आणि तेवढी ३.३ किलोवॅटवर अडीच तासांत भरते. रविवारी रात्री साताऱ्याहून परतताना बॅटरी तळाला आली असली, तरी आठ तासांत पंचवीसेक युनिटे जातात आणि सोमवारचा प्रवास निभावतो. म्हणून सुरुवात १५ अँपिअरच्या पॉइंटने करावी, असे माझे मत झाले आहे. मात्र केबल आजच ३२ अँपिअरला पुरेल अशी टाकून ठेवावी, असेही वाटते. सहा एमएमच्या (म्हणजे तारेचा छेद सहा चौरस मिलिमीटर असलेल्या) तांब्याच्या केबलमध्ये या अंतरावर ३२ अँपिअरला ११ व्होल्टहून अधिक, म्हणजे जवळपास पाच टक्के दाब घटतो; दहा एमएममध्ये तो सात व्होल्टच्या आत राहतो. हा हिशेब मी केबलच्या रोधावरून हाताने केला आहे. उन्हाळ्यात तापलेल्या केबलला आणखी सूट द्यावी लागते का, हे कृपया कोणीतरी तपासून सांगावे.

आता मुख्य अडचणीकडे येते. गेल्या रविवारी वायरमनने मीटर केबिनमध्ये न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ (गळणारी वीज जमिनीत नेणारी तार) यांच्यातला दाब मोजला, तेव्हा मीटरवर ४ व्होल्ट दिसले. तेवढ्यात वरच्या टाकीसाठी पाण्याचा पंप सुरू झाला आणि आकडा चढत १४ व्होल्टवर जाऊन थांबला. पंप बंद होताच तो पुन्हा खाली आला. मग त्याने केबिनच्या मागे भिंतीवर उतरणारी अर्थची जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडली. वरून करड्या रंगाने रंगवलेली ती पट्टी जमिनीजवळ आतून इतकी गंजली होती, की गंजाचे पापुद्रे बिस्किटाच्या चुऱ्यासारखे फरशीवर पडले. अर्थ पिट, म्हणजे ही पट्टी जमिनीत जिथे पुरली आहे तो खड्डा, नेमका कुठे आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. काही वर्षांपूर्वी आवारात पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा तो बुजला असावा, असे सोसायटीच्या सचिवकाकांचे म्हणणे आहे. म्हणजे बत्तीस घरांतले गीझर आणि धुलाईयंत्रे या पट्टीच्या भरवशावर चालली आहेत. गाडी आली नसती, तर हे आम्हाला कळलेही नसते आणि ती गोष्ट मला चार्जिंगपेक्षाही अधिक लागून राहिली आहे.

अर्थिंग नीट नसेल, तर बहुतेक चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंग सुरूच करत नाहीत. त्यावर वायरमनने सुचवलेला उपाय असा, की सॉकेटमध्येच न्यूट्रलची एक तार अर्थच्या पिनला जोडून द्यायची, म्हणजे चार्जर ‘फसतो’ आणि चालू होतो. अनेक ठिकाणी असे केले आहे, असे तो सहजपणे म्हणाला. मी त्याला तिथेच थांबवले. वरच्या बाजूला कुठेही न्यूट्रल तुटला, तर त्याच जोडणीतून गाडीच्या पत्र्यावर पूर्ण दाब येईल आणि पावसात ओल्या पायांनी दाराला हात लावणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल. हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या सॉकेटमध्ये असे करून दिलेले असेल, तर ते आजच काढून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता वीजकामाचा परवाना असलेल्या दुसऱ्या ठेकेदाराने चार्जरसाठी स्वतंत्र अर्थ पिट सुचवला आहे: तीन मीटरची तांब्याचा मुलामा असलेली सळई, भोवती रासायनिक मिश्रण, आणि रोध पाच ओहमच्या आत. मे महिन्यात जमीन कोरडी असल्यामुळे आत्ता मोजलेला रोध हा वर्षातला सर्वांत वाईट आकडा असेल आणि तो पास झाला तर पुढे चिंता नाही, हे त्याचे म्हणणे मला पटले. प्रश्न असा आहे, की हा नवा पिट इमारतीच्या जुन्या पट्टीला जोडावा की वेगळा ठेवावा? आयएस ३०४३ या भारतीय मानकाचा कल एकाच आवारातील अर्थ एकमेकांना जोडण्याकडे आहे, असे मी वाचले आहे. परंतु पंपाची गळती जर जुन्या पट्टीवर येत असेल, तर जोडल्यावर ती थेट माझ्या गाडीपर्यंत येणार नाही का? की आधी पंप दुरुस्त करून, इमारतीसाठी दोन नवे पिट घेऊन, मग सगळे एकत्र बांधणे हाच योग्य मार्ग आहे? तसे असेल, तर खर्चाचा वाटा उचलायची माझी तयारी आहे. ज्यांनी जुन्या इमारतीत हे काम करून घेतले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे.

उंचीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, पण आमच्या भागात तो टाळता येत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांत २०१९ पासून असलेल्या तरतुदीनुसार, वाहन चार्जिंगचे सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे लागते. आमच्या स्टिल्टच्या खांबावर गेल्या पावसाळ्यातली चिखलाची रेघ ५२ सेंटीमीटरवर आहे आणि २९ ऑगस्ट २०१७ रोजी पाणी कंबरेपर्यंत आले होते, असे शेजारच्या आजी खांबाला हात लावून दाखवतात. म्हणून सॉकेट आणि एमसीबीची (जादा भार आल्यास वीज तोडणाऱ्या स्विचची) पेटी दीड मीटरवर घ्यायची, केबल वरूनच आणायची आणि खाली कुठेही जोड ठेवायचा नाही, असे ठरवले आहे. त्याच नियमांनुसार गाडीपर्यंत एक्स्टेन्शन बोर्ड वापरता येत नाही, म्हणून पॉइंट गाडीच्या चार्जिंगच्या झाकणासमोरच येईल, असे पाहिले आहे. आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचीच घेणार आहे, पण दुकानात सर्रास मिळणारी, फक्त एसी गळती ओळखणारी ‘एसी’ प्रकारची न घेता स्पंदित डीसी गळतीही ओळखणारी ‘ए’ प्रकारची घ्यावी, हे बरोबर आहे ना?

मीटरबद्दलही अनुभव हवे आहेत. आमचा मंजूर भार ५ किलोवॅट आहे. रात्री एक एसी आणि ३.३ किलोवॅटचा चार्जर एकत्र चालले, तर आकडा जवळजवळ तिथेच पोहोचतो. शिवाय घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. आमचा महिन्याचा वापर २८० युनिटांच्या आसपास आहे, त्यामुळे गाडीची दीडशे-पावणेदोनशे युनिटे जवळपास पूर्णपणे तीनशेच्या वरच्या महाग टप्प्यात पडतील. महाराष्ट्रात वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र दरवर्ग आहे. मुंबई शहर विभागात सोसायटीतील एखाद्या सभासदाने त्या दरवर्गात स्वतःच्या नावे वेगळा मीटर घेतला असेल, तर कोणती कागदपत्रे लागली आणि किती दिवस गेले, ते सांगावे.

सोसायटीचे ना हरकत पत्र अजून मिळालेले नाही. घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करण्याची मुभा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी दिली आहे, हे मी पत्रात लिहिले आहे. तरीही ‘उद्या दहा जणांनी गाड्या घेतल्या तर इमारतीची मुख्य केबल तेवढा भार घेईल का’ हा सचिवकाकांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो आणि सूचनांचा कागद पुढे करून तो उडवून लावण्याची माझी इच्छा नाही. रात्री अकरानंतर पाळीपाळीने चार्जिंग करण्याची व्यवस्था किंवा भार आपोआप वाटून देणारी यंत्रणा कोणाच्या सोसायटीत प्रत्यक्ष चालू असेल, तर तिचा अनुभव मला समितीपुढे ठेवता येईल.

गाडी ताब्यात घेताना निर्मितीचा महिना पाहणे, १२ व्होल्टची लहान बॅटरी तपासणे आणि विक्रेत्याकडेच एसी चार्जिंग लावून पाहणे, एवढे मी टिपून ठेवले आहे. त्यात काही राहिले असेल तर तेही कळवावे.

समितीची बैठक येत्या शनिवारी संध्याकाळी आहे आणि पेव्हर ब्लॉक उचलायला गवंडी रविवारी सकाळी येणार आहे. त्यामुळे नवा पिट जुन्या पट्टीला जोडायचा की नाही, या एका प्रश्नाचे उत्तर शनिवारच्या आत मिळाले, तर फार उपकार होतील.