मदत हवी आहे : बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याची लेन्स

नमस्कार मंडळी, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांवर (मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक, सिनेमाचा कॅमेरा स्वतःच बनवणारे) थोडं लिहितेय आणि एका गोष्टीपाशी अडकलेय. त्यांचे भाऊ आनंदराव आणि बाबूराव दोघंही नाटकाचे पडदे रंगवणारे, पडद्यावर महाल, जंगल, खोली कशी दिसायला हवी हे त्यांच्या हातातच होतं, त्यामुळे ते सिनेमाकडे वळले यात मला तरी नवल वाटत नाही (दादासाहेब फाळकेही जे.जे. कलाशाळेचेच की). १९१६ला आनंदराव गेले तरी बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन हा घरगुती कॅमेरा पुरा केला आणि १९२०ला त्यांचा 'सैरंध्री' हा सिनेमा आला.

आता माझा प्रश्न. कॅमेऱ्याची बॉडी, गिअर, हँडल हे लेथवर होऊ शकतं, पण लेन्सचं काय? त्याला ऑप्टिकल ग्लास लागते, मग घासणं, पॉलिश, सेंटरिंग (भिंगाचा मध्य नेमका जुळवणं). तेव्हा हे काम लेस्टरला टेलर-हॉब्सन (त्यांची कुक ट्रिपलेट लेन्स) किंवा जर्मनीत झाइस (त्यांची १९०२ची टेसार लेन्स) असे कारखाने करायचे. मग कोल्हापुरात कुठली लेन्स बसवली असेल, फोटोच्या कॅमेऱ्याची की प्रोजेक्टरची? कुणाच्या घरी जुने फोटो, बिलं, आजोबांनी सांगितलेलं काही असेल तर प्लीज सांगा, अगदी बारीकसं असलं तरी चालेल.