अंदमान: मे की दिवाळी?

मनीमाऊ: आम्ही चौघं. मी, नवरा, नववीतली लेक आणि सासूबाई. सासूबाईंना सेल्युलर जेल बघायचंच आहे, गुडघे मात्र कुरकुरतात. शाळेमुळे मे किंवा दिवाळीची सुट्टी, तिसरा पर्याय नाही. बजेट विमानासकट दीड लाख. कुठला महिना बरा?

खारवारा: फेब्रुवारी. डोळे झाकून. समुद्र शांत, स्कूबाला पाणी नितळ. आम्ही हॅवलॉक बेटावर किनाऱ्यालगत व्हिला घेतला होता. खर्च झाला, पण थाट होता!

मनीमाऊ: फेब्रुवारीत शाळा असते हो.

टिंग्या: आठवडाभर बुडाली शाळा तर काय बिघडतं? आमचे चिरंजीव बुडवूनच शिकले.

नाना_भटके: मे म्हणजे पहिला आठवडा, पुढे नको. मॉन्सून केरळात १ जूनच्या आसपास धरतात, अंदमानात तो आठ-दहा दिवस आधीच येतो. आणि दिवाळीत सुटलो असं समजू नका. तिकडे ईशान्य मोसमी पाऊसही पडतो, शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे दिवस.

शुभदा_के: फेब्रुवारीला +१.

लाटेवरची: पावसाचं काय घेऊन बसलात, बोटीचं बघा. दर्या खवळला म्हणून हॅवलॉकहून आमची परतीची बोट रद्द झाली आणि विमान हुकलं. बोटीचे पैसे परत मिळाले, विमानाचे बुडाले. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा.

नाना_भटके: श्री विजयपुरम. २०२४ पासून.

टिंग्या: रिक्षावाल्याला सांगून बघा.

नाना_भटके: हॅवलॉकसुद्धा २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. निदान इथे तरी नीट लिहा.

खारवारा: व्हिल्याचा नंबर हवा असल्यास व्यक्तिगत निरोप करा.

अबोली: नावांचा वेगळा धागा काढा की! मनीमाऊ, दिवाळीत गेलात तर तिथे पाचच्या आतच सूर्य मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेटं फार पूर्वेला. हॅवलॉकचा राधानगर किनारा दुपारी उशिरावर ठेवलात तर अंधारच बघाल. जेलच्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत, त्यामुळे चाल फार नाही. सावरकरांची कोठडी मात्र अगदी वरच्या मजल्यावर. जिना आहे, सासूबाईंना सकाळी ताज्या दमाने न्या.

शुभदा_के: मेमध्ये उकडतं पण खूप. घामाच्या धारा. फेब्रुवारीच.

मनीमाऊ: सगळ्यांचे आभार. दिवाळीची तिकिटं काढली, भाऊबीज उरकून निघतोय. उकाडा सासूबाईंना झेपत नाही, आणि जेल पावसातही बघता येतं. स्वराज द्वीपला (नाना, खूश?) पोचल्या पोचल्या जाणार, शेवटच्या दोन रात्री शहरात. स्कूबाला काट. लेक फुगली आहे.

नाना_भटके: मी सांगायचं काम केलं. निघायच्या आधी हवामान खात्याचा अंदाज बघा.

खारवारा: स्कूबा नाही? मग जाताय कशाला!