मदत हवी आहे: १४ गाड्यांचा ताफा घाटातून न्यायचाय, पुढे कोण आणि मागे कोण?

नमस्कार मंडळी,

आमचा गाडीवेड्यांचा गट पुढच्या महिन्यात डोंगरातून एक दिवसाची चक्कर मारणार आहे. साधारण १६० किलोमीटर, त्यातला निम्म्याहून जास्त नागमोडी रस्ता. जवळपास १८०० मीटरपर्यंत चढ आणि मग पलीकडे लांबलचक उतार. १४ गाड्या नक्की झाल्या आहेत. आखणी माझ्याकडे आहे. ज्यांनी असे ताफे नेलेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करा.

मला इतकी काळजी का वाटते ते आधी सांगतो. मागच्या वेळी आम्ही सहाच गाड्या होतो आणि मी सगळ्यात पुढे होतो. उतारावर शेवटच्या गाडीतल्या मित्राचं ब्रेकचं पेडल मऊ पडत गेलं आणि एका वळणाआधी जवळजवळ तळाला टेकलं. त्याने गिअर खाली टाकले, हँडब्रेक जपून ओढत गाडी डोंगराच्या कडेला लावली. कुणालाही लागलं नाही. पण मला हे वीस मिनिटांनी कळलं. आरशात मला फक्त माझ्यामागची गाडी दिसत होती, आणि तेवढ्यावरून सगळे येताहेत असं मी धरून चाललो होतो. ती वीस मिनिटं अजून मनातून जात नाहीत.

कारण साधं निघालं. ब्रेक ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच अट १५५ अंशांची आहे. अख्खा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि आपण पेडल दाबतो तेव्हा ब्रेकऐवजी ते बुडबुडेच दाबले जातात. म्हणून या वेळी मी अट घातली आहे: दोन वर्षांत ऑइल बदललेलं नसेल तर आधी बदलून घ्या. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये इंजिनवर धरा, ब्रेक वळणाआधी ठामपणे दाबा आणि सोडा. ऑटोमॅटिकवाल्यांनीही डी वर विसंबून न राहता खालचा गिअर स्वतः निवडायचा. काहींना हे जाचक वाटतंय, पण यावर मी मागे हटणार नाही.

एक इलेक्ट्रिक गाडीही आहे. तिच्या मालकाला माथ्यावर पूर्ण चार्ज करून निघायचं होतं. बॅटरी भरलेली असेल तर उतारावर रिजनरेशन (वेग कमी करताना मोटरच बॅटरी भरते आणि गाडीला रोखते, ते) जवळपास मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो, हे समजल्यावर त्याने बेत बदलला.

आता खरा पेच, वेगाचा. गाड्यांमध्ये जुनी छोटी हॅचबॅक आहे तशीच दणकट टर्बोही आहे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारी. उंचीवर हवा विरळ होते, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे चार माणसं बसलेली हॅचबॅक माथ्याजवळ धापा टाकणार आणि टर्बोवाल्याला फरकही जाणवणार नाही. सगळ्यांना एकाच रांगेत नेणं मला चुकीचं वाटतं. ताशी ४० च्या वेगात दोन गाड्यांमध्ये तीन सेकंदांचं अंतर ठेवलं तरी १४ गाड्यांची रांग अर्ध्या किलोमीटरच्या आसपास जाते. मागून येणाऱ्या तिऱ्हाईत गाडीने ती ओलांडायची कशी? रस्ता काही आपल्या एकट्याचा नाही. म्हणून पाच, पाच आणि चार अशा तीन टोळ्या, दहा दहा मिनिटांच्या अंतराने.

पण टोळ्या कशा पाडायच्या? काहींचं म्हणणं, वेगवान गाड्या एकत्र करून पुढे सोडा. मला तिथे शर्यत सुरू होण्याची भीती वाटते. माझ्या मनात मिश्र टोळ्या आहेत: सगळ्यात हळू गाडी म्होरक्याच्या लगेच मागे आणि म्होरक्याने वेग आरशात तिला बघून ठरवायचा. पण मग शेवटचा टर्बोवाला कंटाळून पुढच्याच्या बंपरला चिकटला तर? कुणी हे करून पाहिलंय का?

फाट्यांसाठी नियम असा धरलाय: आपल्या मागची गाडी दिसेपर्यंत वळायचं नाही, थांबायचं. वॉकीटॉकी घेतोय, पण मध्ये डोंगर आला की त्या गप्प होतात, त्यामुळे सगळी भिस्त या नियमावरच.

दिशा मात्र आवडीने ठरवली आहे. आपली लेन दरीच्या बाजूला येईल आणि सकाळचं ऊन पाठीमागून पडेल अशी. उन्हाने डोळे दिपत नाहीत आणि समोरचे कडे उजळलेले दिसतात. थांबेही आधी जाऊन पाहून आलो. पाच गाड्या रस्त्याबाहेर मावतील अशाच जागा निवडल्या, वळणावर एकही नाही. चालवणाऱ्याला चालवताना देखावा बघता येत नाही, त्याच्यासाठी थांबे भरपूर हवेत. त्यामुळे नकाशा चार तास दाखवत असला तरी मी सात धरलेत.

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. प्रत्येक टोळीच्या शेवटी अनुभवी चालक हवा, हे बहुतेकांनी लिहिलंय आणि मला पटलंय. त्याच्याकडे टो-रोप, हवा भरायचा पंप, प्रथमोपचार पेटी आणि सगळ्यांचे फोन नंबर राहतील.

एकच प्रश्न उरतो. आयोजक म्हणून मी पहिल्या टोळीच्या पुढे असावं असा गटाचा आग्रह आहे. मला मात्र तिसऱ्या टोळीत, सगळ्यात शेवटच्या गाडीत राहायचंय. पुढे रस्ता माहीत असलेला दुसरा माणूस दिला तर चालेल ना? तुम्ही कुठे राहता?