विमानाच्या 'लिव्हरी'ला मराठीत काय म्हणायचं?

उजळाईवाडीकर:
पुतणी नववीत आहे. तिला आणि तिच्या मैत्रिणींना फ्लाइट सिम्युलेटरमधली, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या खेळातली, विमानं रंगवायला शिकवतोय. पायऱ्या मराठीत लिहायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीला अडलो. 'टेक्स्चर'साठी 'पोत' लिहिलं. आई शेजारी वाती वळत होती. म्हणाली, "पोत देवीचा असतो, नाचवतात तो. विमानाला कुठला?" कापडाचा पोत आठवून दिला, तर म्हणे तो हाताला कळतो, हे तर नुसतं चित्र आहे. तिचं खरं आहे. विमानाची साल काढून सपाट पसरावी तशी ती चौकोनी फाइल असते, २०४८ किंवा ४०९६ ठिपके रुंद. त्यावर खिडक्या, पत्र्याचे सांधे, शेपटीवरचं चिन्ह रंगवायचं. मग ती विमानाच्या सांगाड्यावर चढते.

दुसरा शब्द 'लिव्हरी'. कंपनीच्या सगळ्या विमानांचे ठरलेले रंग, पट्टे, अक्षरं मिळून जे होतं ते. 'रंगसंगती' मला पुरत नाही, ती भिंतीलाही असते. सुचवा.

मराठीप्रेमी:
'गणवेश' घ्या. लिव्हरी मुळात नोकरचाकरांचा पोशाखच. आणि टेक्स्चरला 'पोत'च ठेवा. दिनांक, महापौर हे शब्दही सावरकरांनी दिले तेव्हा लोकांना परकेच वाटले होते.

कागलची लेक:
गणवेश माणसांचा, दादा. आमच्याकडं बेंदराला बैलाची शिंगं रंगवतात, पाठीवर झूल टाकतात. लांबून झूल दिसली की बैल कुणाच्या दावणीचा ते कळतं. विमानाचंही तेच की. 'झूल' म्हणा.

मराठीप्रेमी:
झूल संध्याकाळी उतरवतात. विमानाचा रंग उतरत नाही.

कागलची लेक:
सिम्युलेटरमध्ये उतरतो! एकाच विमानाला पाहिजे ती झूल घालता येते.

गंगावेस:
'रंगसाज' कसा वाटतो? साज हा आपला कोल्हापूरचा शब्द, दागिन्यामुळं घरोघरी माहीत.

मराठीप्रेमी:
हिंदी-उर्दूत रंगसाज म्हणजे रंगवणारा माणूस. घोटाळा होईल.

पेंटरचा पोरगा:
माणसाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. वडील ट्रक आणि दुकानांचे बोर्ड रंगवायचे. त्यांच्या तोंडी अस्तर, लायनिंग, खाका हेच शब्द. मी सिम्युलेटरसाठी पहिलं विमान रंगवलं तेव्हा थर त्याच क्रमानं लावले: खाली अस्तर, वर पट्टे, सगळ्यात वर मळ आणि तेलाचे ओघळ. नव्या कोऱ्या रंगाचं विमान खोटं दिसतं. इंजिनामागं काजळी हवी, चाकांजवळ चिखल हवा.

जुन्या मॉडेलात पुष्कळदा दोन्ही कुशींना चित्राचा एकच तुकडा वापरलेला असतो. डावीकडं नाव सरळ लिहिलं की उजवीकडं उलटं उमटतं. दोन बाजूंना वेगळे तुकडे नसतील तर कितीही रंगवा, सुटका नाही. वडिलांना दाखवलं. ते काचेच्या बोर्डावर मागच्या बाजूनं उलटी अक्षरं काढायचे, त्यामुळं त्यांना ते एका नजरेत कळलं.

आता कुणी 'पेंटर' काढून 'रंगारी' लिहा म्हणेल म्हणून आधीच सांगतो. या गावात पेंटर ही पदवी आहे. नाटकांचे पडदे रंगवणारे, १९१८ साली स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवणारे बाबूराव मूळचे मेस्त्री. लोक ओळखतात ते बाबूराव पेंटर म्हणून. हा शब्द आम्ही सोडणार नाही.

मराठीप्रेमी:
पेंटरला माझा विरोध नाही. रुळलेला शब्द वेगळा आणि आळसानं उचललेला वेगळा. लिव्हरी अजून रुळलेला नाही, म्हणून आत्ताच शब्द शोधला पाहिजे.

ढगात_एकटा:
मी रंगवत नाही, वादळात उडवतो. माझी अडचण 'टर्ब्युलन्स'. 'हवेतील अस्थैर्य' कॉकपिटमध्ये कोण म्हणेल? आम्ही मित्र 'गचके' म्हणतो. गगनबावड्याच्या एसटीत बसतात तेच.

काल सिम्युलेटरमध्ये एटीआर ७२ हे पंख्याचं प्रवासी विमान घेऊन ०७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरत होतो, समोर गडगडाटी ढग ठेवलेला. आधी समोरून जोराचा वारा आला, वेग वाढला, नाक उचललं. मी पॉवर कमी केली, आणि पुढच्याच क्षणी तो वारा पाठीमागून. वेग कोसळला. पूर्ण पॉवर देऊन कसाबसा वर आलो. अशा वाऱ्याला 'वावटळ' म्हणावं का?

गंगावेस:
नाही. वावटळ तापलेल्या रानातनं वर उठते, आकाश निरभ्र असतानाही. तुमचा वारा ढगातनं खाली आपटून जमिनीवर चौफेर पसरलेला. तो वळवाचा वारा.

मराठीप्रेमी:
वळीव हा पाऊस आहे, वारा नव्हे. वळून येतो म्हणून वळीव.

गंगावेस:
पाऊसच, पण आधी वाराच येतो. मिरगाचा पाऊस पश्चिमेकडनं, वळीव बहुतेक उगवतीकडनं. वाळत घातलेली मिरची गोळा करायला धावलेल्या बाईला विचारा, आधी काय आलं ते.

ढगात_एकटा:
०७ वर उतरताना तोंड उगवतीकडंच असतं. पण ढग समोर होता म्हणून वारा आधी समोरून लागला, तोंड कुठंही असतं तरी तसंच झालं असतं.

उजळाईवाडीकर:
हे सगळं लिहून घेतोय, पण लिव्हरीचं राहिलं. मुलींनी तोवर फाइलला 'झूल' नाव दिलंय. टेक्स्चरचं अजून काहीच ठरलेलं नाही.

कागलची लेक:
पोत ठेवणार असाल तर तो की ती, ते आधी लिहा. देवीचा तो पोत, गळ्यातली ती पोत. कापडाचा आमच्याकडं तो.

पेंटरचा पोरगा:
पत्र्याचा पोत मी वडिलांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ते 'अंग' म्हणायचे. पत्र्याचं अंग खरबरीत आहे, आधी घासून घे.