५०६० टीआय की ९०६० एक्सटी? – सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-३०४: नमस्कार मंडळी. मुलाच्या गेमिंग पीसीत ग्राफिक्स कार्ड टाकायचंय. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, या दोघांवर येऊन गाडी अडली आहे. सध्या रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ + ८ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). मॉनिटर १४४०पी (२५६० x १४४० पिक्सेल), १६५ हर्ट्झ. मुख्य काम गेम, अधूनमधून ब्लेंडर (थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर). जाणकारांनी सांगावं.

सी-५०५: काका, आधी एक सांगा, ८ जीबीचं बघताय की १६ चं? दोन्ही कार्डं दोन्ही मेमरीत येतात आणि नाव तेच असतं. बॉक्सच्या कोपऱ्यात आकडा असतो, तो वाचल्याशिवाय बिल करू नका.

बी-३०४: ८ चंच बघत होतो. १६ ने एवढा काय फरक पडतो?

सी-५०५: १४४०पीला खूप. टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) 'हाय' किंवा 'अल्ट्रा'वर ठेवलं की बरेच नवे गेम ८ जीबीच्या वर जातात. जागा संपली की जास्तीचा डेटा साध्या रॅममध्ये ठेवला जातो आणि कार्ड जिथे बसतं त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून ये-जा करतो. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला शेकडो जीबी देते, तुमचा स्लॉट ८ नाहीतर १६ जीबी. म्हणून सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठीकठाक दिसतो, पण वळताना, नवीन भागात शिरताना झटके बसतात. काही गेम झटका न देता गुपचूप धुरकट टेक्स्चर लावतात, आणि माणूस दोष देतो मॉनिटरला.

ए-१०२: सहमत. ८ जीबी दोन्हींतून बाद करा. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः बनवणं) आणि रे ट्रेसिंगही (प्रकाशकिरणांचा हिशोब करून उजेड-सावली दाखवणं) वरून मेमरी खातात, हे लोक विसरतात.

बी-३०४: बरं, मग दोन्ही १६ जीबी धरू. आता?

ए-१०२: माझं मत ५०६० टीआय. जीडीडीआर७ मेमरी आहे, ४४८ जीबी प्रति सेकंद. ९०६० एक्सटीला जीडीडीआर६, ३२० च्या आसपास. मेमरीची बस (डेटाच्या वाटेची रुंदी) दोघांची १२८ बिटच. रे ट्रेसिंगमध्ये एनव्हिडिया पुढे, पाथ ट्रेसिंगमध्ये (त्याचाच जास्त जड प्रकार) तर बरंच पुढे. आणि ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरला (अंतिम चित्र काढणाऱ्या भागाला) एनव्हिडियाचं ऑप्टिक्स मिळतं, त्याने वेग वाढतो. एएमडीवर त्यांच्या एचआयपीने काम होतं, पण वेग कमी.

डी-७०१: ताई, कागदावर सगळं बरोबर आहे. पण बोर्ड बी४५० आहे, तिथे गणित फिरतं. ५०६० टीआय हे पीसीआय एक्सप्रेस ५.० (पाचव्या पिढीचं) कार्ड, पण त्याला लेन (डेटाच्या वाटा) आठच. ९०६० एक्सटीला सोळा. नव्या बोर्डावर फरक जाणवणार नाही. बी४५० मात्र ३.० वर चालतो. तिथे आठ लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी, सोळा लेन म्हणजे १६. रे ट्रेसिंग बंद ठेवलं तर ५०६० टीआयची आघाडी मुळातच थोडी, ती अशा बोर्डावर काही गेममध्ये पुसली जाते.

ए-१०२: बोर्ड बदलून बी५५० घेतला तर?

डी-७०१: तरी नाही! ५६००जी हा 'जी'वाला प्रोसेसर आहे, तो स्वतःच ३.० च्या पुढे जात नाही. बोर्ड ४.० चा घातला तरी स्लॉट ३.० वरच चालणार. साधा ५६०० असता तर बी५५० वर ४.० मिळालं असतं. एका अक्षराचा फरक आहे, पण फसायला होतं.

ए-१०२: हे मान्य. ५६००जीची एल३ कॅशही (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबीच आहे, ५६०० ची ३२.

सी-५०५: म्हणजे प्रोसेसरच अडवणार का?

डी-७०१: १०८०पीला काही गेममध्ये नक्की अडवेल. १४४०पीला पिक्सेल जवळपास पावणेदोन पट, त्यामुळे बोजा कार्डाकडे सरकतो. ओळखायची रीत सोपी. गेम चालू असताना जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण कामाला लागलंय. ६०-७० वर घुटमळत असेल, व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएस मर्यादा दोन्ही बंद असूनही, तर प्रोसेसर मागे पडतोय. अशा वेळी ग्राफिक्स सेटिंग कमी करून काही होत नाही, उलट वाढवून बघा, एफपीएस तेवढाच राहतो.

ई-२०१: कृपया हे सगळं वेगळ्या ग्रुपवर घ्या, इथे मेंटेनन्सच्या सूचना दबतात 🙏

सी-५०५: वाचतोय निम्मा मजला, राहू द्या ना काकू 😄

बी-३०४: ब्लेंडर अगदी थोडं असतं हो. मॉडेल बनवतो, रेंडर महिन्यातून एखादं. गेमच मुख्य.

ए-१०२: मग माझा आग्रह ढिला. रोज रेंडर, व्हिडिओ एडिटिंग किंवा घरच्या पीसीवर एआय मॉडेल चालवणं असतं तर बोर्ड कुठलाही असो, एनव्हिडियाच म्हटलं असतं, कारण कूडावर (एनव्हिडियाची स्वतःची प्रणाली) चालणारी सॉफ्टवेअर अजून जास्त आहेत.

सी-५०५: अपस्केलिंगचं (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून दाखवणं) काय? एनव्हिडियाचं डीएलएसएस चांगलं म्हणतात.

ए-१०२: डीएलएसएस ४ आजही एक पाऊल पुढे, शिवाय जास्त गेममध्ये आहे. पण एएमडीचं एफएसआर ४ आल्यावर अंतर बरंच कमी झालं. एफएसआर ३ मध्ये बारीक तारा, जाळ्या, केस यांची जी थरथर दिसायची ती ४ मध्ये बरीच गेली. ज्या गेममध्ये एफएसआर ३.१ आहे त्यातल्या अनेकांत एड्रिनलिनमधून (एएमडीचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर) ४ चालू करता येतं. १४४०पीला 'क्वालिटी' मोड ठेवा. 'परफॉर्मन्स' मोडमध्ये आतलं चित्र १२८० x ७२० चं असतं, डोळ्यांना कळतं.

डी-७०१: आणि '४ एक्स फ्रेम जनरेशन'च्या जाहिराती बघून निर्णय नको. ते मुळातला एफपीएस ६० च्या आसपास असेल तेव्हाच बरं वाटतं. ३० चे १२० झाले तरी माउसला हात ३० सारखाच जड लागतो, वर कडांना भुतं दिसतात.

बी-३०४: म्हणजे ९०६० एक्सटी, १६ जीबी. एसएमपीएस ४५० चा चालेल ना? एएमडीने शिफारस ४५० वॅटचीच केली आहे.

डी-७०१: केस उघडा, एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिलेत ते सांगा. वरचा मोठा आकडा सोडून द्या.

बी-३०४: +१२व्ही, ३० ए.

डी-७०१: म्हणजे १२ x ३० = ३६० वॅट. नावाला ४५०, पण प्रोसेसर आणि कार्ड ज्यावर चालतात ती लाईन ३६० ची. चांगल्या ४५० वाल्यात ३६-३७ अँपिअर असतात. आता हिशोब: ९०६० एक्सटी १६० वॅट, ५६००जी जास्तीत जास्त ८८, बोर्ड-पंखे-डिस्क धरून ४०-५०. तीनशेला पोचलात, आणि कार्ड क्षणभरासाठी त्याहून वर उसळी मारतं. उसळीत एसएमपीएसचं संरक्षण कामाला लागलं की पीसी सरळ बंद होतो, निळा स्क्रीनसुद्धा येत नाही, आणि लोक ड्रायव्हर बदलत बसतात. हा बदलाच. नावाजलेला ५५० किंवा ६५० वॅट पुरे, साडेआठशेची गरज नाही.

सी-५०५: काका, तोवर साटा-टू-आठपिन अडॅप्टर (डिस्कच्या वीजप्लगवरून कार्डाला वीज देणारा) लावून चालवू का, असं मुलगा विचारेल. उत्तर: नाही. साटा प्लगमधली १२ व्होल्टची बाजू ४.५ अँपिअरची, म्हणजे ५४ वॅट. आठपिन १५० वॅटची. प्लग वितळतो.

डी-७०१: आणि नवा एसएमपीएस मॉड्युलर (केबल सुट्या करता येणारा) असेल तर केबल त्याच्याच डब्यातल्या. जुन्याची केबल नव्यात बसते, पण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असू शकतो. त्यात बोर्ड किंवा डिस्क जळते. कार्डाला ६+२ वाली केबल. ४+४ वाली प्रोसेसरची असते, ती इथे कोंबू नका.

बी-३०४: लिहून घेतोय. बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) काही करायचं असतं का?

डी-७०१: हो, आणि क्रम महत्त्वाचा. बायॉस सर्वांत नव्या आवृत्तीवर न्या, बी४५० च्या जुन्या बायॉसमध्ये रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसतो. त्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर थांबवा आणि रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर अपडेटनंतर विंडोज की मागतं. नंतर विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून बायॉस मोड बघा. 'यूईएफआय' असेल तर बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद, 'अबव्ह ४जी डीकोडिंग' चालू, 'रिसाइझ बार' चालू. 'लेगसी' दिसलं तर आधी डिस्क एमबीआरवरून (विभागणीची जुनी पद्धत) जीपीटीवर (नवी पद्धत) न्यावी लागेल, बॅकअप घेऊन. डिस्क न बदलता सीएसएम बंद केलंत तर पीसी बूटच होणार नाही.

ए-१०२: बार बंद राहिला तर कार्ड खराब होत नाही, पण काही गेममध्ये चांगलाच एफपीएस हातचा जातो. रॅमचंही बघा. टास्क मॅनेजरमध्ये २१३३ किंवा २४०० दिसत असेल तर एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी बायॉसमधली सेटिंग) बंद आहे. दोन्ही पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्ससाठी राखलेली रॅमही बायॉसमधून कमी करा, १६ जीबीत तेवढीच भर.

बी-३०४: कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्यापर्यंत २९० एमएम जागा आहे.

सी-५०५: दोन पंख्यांचं मॉडेल आरामात बसेल. तीन पंख्यांची काही ३०० च्या वर जातात. १६० वॅटला दोन पंखे पुरतात, तिसऱ्यासाठी जास्त मोजू नका. जाडीही बघा, अडीच स्लॉटचं असेल तर खालचे साटा पोर्ट झाकले जातात.

डी-७०१: जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर साफ करणारं सॉफ्टवेअर) काढा, तेव्हा नेट बंद, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर टाकतं. कार्ड वरच्या लांब स्लॉटमध्ये. मॉनिटरची केबल कार्डाला, बोर्डाला नाही. ५६००जीला स्वतःचं ग्राफिक्स असल्यामुळे बोर्डाला लावली तरी चित्र येतं, आणि मग "एवढं कार्ड टाकून फरक काहीच नाही" अशी तक्रार येते. डिस्प्लेपोर्ट वापरा, विंडोजमध्ये १६५ हर्ट्झ हाताने निवडा, फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग एफपीएसशी जुळवणारी सोय) चालू ठेवून एफपीएस १६० ला बांधा.

बी-३०४: सगळं बरोबर लागलंय हे कळणार कसं?

डी-७०१: जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. 'बस इंटरफेस'मध्ये एक्स१६ ३.० (म्हणजे सोळा लेन, ३.०) आलं पाहिजे. निवांत असताना तिथे १.१ दिसेल, वीज वाचवायला लिंक खाली येते. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून टेस्ट चालवली की ३.० वर जातं. रिसाइझेबल बारची ओळही तिथेच, 'एनेबल्ड' हवी. एक्स४ दिसलं तर कार्ड खालच्या स्लॉटमध्ये गेलंय. एक्स८ दिसलं तर नीट बसलेलं नाही, काढून पुन्हा 'टक' आवाज येईपर्यंत दाबायचं.