वरच्या पातळीवर फुटबॉल खेळून डॉक्टर झालेलं कुणी आहे का?

कोल्हापूरची_आई
मुलगा अकरावी सायन्सला. सकाळी नीटचा क्लास, संध्याकाळी गांधी मैदान. यंदा पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघात घेतलंय त्याला, तेव्हापासून घरात रोज वादावादी. ह्यांचं म्हणणं, फुटबॉलनं पोट भरत नाही, एक काय ते धर. सासरे म्हणतात, खेळू दे, पेठेचं नाव आहे. मला विचारायचंय ते थोडं वेगळं. देशासाठी वगैरे खेळून डॉक्टर झालेलं आपल्याकडं कुणी आहे का? आणि झाल्यावर खरंच दवाखान्यात बसलं, की डिग्री नुसती भिंतीवर? नावं सांगा, उपदेश नको. उपदेश घरी भरपूर मिळतो.

रिटायर्ड_बँकवाला
ताई, एकच नाव सांगतो, पण जरा सविस्तर. डॉ. तालिमेरेन आओ. नोकरीत माझी बदली कोहिमाला झाली होती, तिथं शेजाऱ्यांकडून हे नाव पहिल्यांदा कानावर आलं. तोवर भारतीय फुटबॉल म्हणजे चुन्नी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी, एवढंच आमचं ज्ञान.

जन्म १९१८ चा, नागा टेकड्यांतल्या चांगकी गावचा. वडील मिशनमध्ये पाळक. ते १९३५ साली टायफॉइडनं गेले. मुलानं डॉक्टर होऊन आपल्या माणसांची सेवा करावी, ही त्यांची इच्छा. मुलाचे पाय मात्र मैदानाकडं. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात असताना तिथल्या महाराणा क्लबकडून खेळले, मग १९४२ मध्ये कलकत्त्याच्या कारमायकल मेडिकल कॉलेजात प्रवेश (आजचं आर. जी. कर) आणि पुढच्याच वर्षी तिथल्या मोहन बागान क्लबमध्ये. सेंटर हाफला, म्हणजे मैदानाच्या मधोमध, खेळायचे. पुढं संघाचे कर्णधारही झाले.

१९४८ ला लंडन. स्वतंत्र भारताचं पहिलं ऑलिंपिक, संचलनात तिरंगा यांच्या हातात आणि फुटबॉल संघाचे कर्णधारही हेच. ३१ जुलैला इलफर्डच्या मैदानावर फ्रान्सशी गाठ पडली. आपली बहुतेक पोरं अनवाणी. फ्रान्सनं पहिल्या अर्ध्या तासात गोल चढवला, सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामननं तो फेडला. दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. एकोणनव्वदाव्या मिनिटाला फ्रान्सचा दुसरा गोल, २-१, खेळ खलास. एवढ्या जवळ जाऊन हरलेली मॅच वाचतानासुद्धा चुटपुट लागते. (अनवाणी खेळण्याचं कौतुक फार करू नये. चारच वर्षांनी हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं दहा गोल घातले, त्यानंतर आपल्याकडं बूट सक्तीचे झाले.)

आता तुमचा प्रश्न. एमबीबीएस झाले १९५० मध्ये. म्हणजे आठ वर्षं लागली, हे मिस्टरांना सांगू नका. डिग्री हातात पडल्यावर कलकत्त्यात राहिले असते तर नाव होतं, ओळखी होत्या, थाटात दवाखाना चालला असता. ते गेले दिब्रुगढच्या आसाम मेडिकल कॉलेजात, कान-नाक-घसा विभागात रजिस्ट्रार म्हणून. तिथून १९५३ ला कोहिमाच्या नागा हॉस्पिटलमध्ये असिस्टंट सिव्हिल सर्जन. तेव्हा नागालँड हे राज्यच नव्हतं, आसामचा एक जिल्हा होता. पुढच्या काही वर्षांत तिथं बंडखोरी पेटली, लष्कर आलं, १९५८ मध्ये लष्कराला विशेषाधिकार देणारा कायदा आला. अशा काळात हा माणूस सरकारी हॉस्पिटलात. १९६३ ला राज्य झालं, हे आरोग्य सेवेचे संचालक झाले आणि १९७८ ला निवृत्त. पंचवीस वर्षांची चाकरी, ऑलिंपिकच्या त्या नव्वद मिनिटांपेक्षा मला तीच मोठी वाटते. १९९८ ला गेले.

शंकेखोर
लंडनच्या आर्सेनल क्लबनं त्यांना करार देऊ केला आणि त्यांनी शिक्षणासाठी नाकारला, ते राहिलं सांगायचं.

रिटायर्ड_बँकवाला
मुद्दाम गाळलं. ती गोष्ट सगळे सांगतात, कागद कुणी दाखवत नाही. आणि ती काढून टाकली तरी माणसाची उंची कमी होत नाही.

शंकेखोर
मान्य. पण ताई, एक फरक लक्षात घ्या. त्या काळी आपल्याकडचा फुटबॉल हौशी होता, म्हणून पोटासाठी दुसरं काहीतरी करणं भागच होतं. पूर्ण व्यावसायिक खेळाडूचं उदाहरण हवं तर ब्राझीलचा सॉक्रेटिस बघा. घराजवळच्या रिबेराव प्रेटोच्या बोटाफोगो क्लबात खेळत मेडिकल पूर्ण केलं, मगच १९७८ ला कोरिंथियन्स या मोठ्या क्लबकडं गेला आणि १९८२ च्या वर्ल्ड कपला देशाचा कर्णधार. त्याच्या सिगारेट आणि दारूचं मात्र मुलाला सांगू नका.

फिजिओ_पुणे
सगळी पुरुषांचीच नावं का? नादिया नदीम घ्या. वडिलांना तालिबाननं मारलं, अफगाणिस्तानातून पळून डेन्मार्कला निर्वासित म्हणून आली, डेन्मार्ककडून आणि पॅरिसच्या पीएसजी क्लबकडून खेळली. खेळत असतानाच मेडिकल केलं, २०२२ मध्ये डॉक्टर झाली.

पेठेतला_पंच
वैनी, नावं झाली, आता कॅलेंडर बघा. आपला सीझन थंडीत सुरू होतोय आणि उन्हाळ्यात संपतोय. नीट मे महिन्यात. भांडण खरं तिथं हाय, बाप-लेकात नाही. यंदा अकरावी हाय, खेळू दे भरपूर. फुडल्या साली जानेवारीपासनं बूट तुमच्या ताब्यात घ्या आणि तालमीतल्या थोरल्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे सामन्याच्या सकाळी दारात गाड्या येऊन उभ्या राहणार नाहीत. त्या पोरांना घरातनं उचलून न्यायची सवय असतीय.

कोल्हापूरची_आई
सगळ्यांचे आभार. ह्यांनी सगळं वाचलं. नेमकं आठ वर्षांवरच बोट ठेवलं. मुलगा म्हणतो, अनवाणी खेळणारे बूट घालून खेळणाऱ्यांना एकोणनव्वद मिनिटांपर्यंत कसे झुंजवत होते ते सांगा, बाकी नंतर बघू.

रिटायर्ड_बँकवाला
मिस्टरांना सांगा, त्याच आठ वर्षांत मोहन बागानचं आणि देशाचं कर्णधारपद बसलंय. आणि पोराला सांगा, पंचांचं ऐक.