विषय: बॅरिस्टर थेट नेमायचा तर खर्च नेमका किती?

स्लावहून

नमस्कार मंडळी,
कंपनीविरुद्धच्या माझ्या दाव्याची इथे इंग्लंडमधल्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये (नोकरीच्या तंट्यांच्या न्यायासनापुढे) तीन दिवस सुनावणी आहे. त्यासाठी चेंबर्सकडून (बॅरिस्टरांच्या सामाईक कार्यालयाकडून) कोट आला आहे: ब्रीफ फी २,८०० पौंड, रिफ्रेशर १,१०० पौंड, अधिक व्हॅट. मध्ये सॉलिसिटर (प्रकरणाचं कामकाज सांभाळणारा वकील) नाही, बॅरिस्टर (सुनावणीत बाजू मांडणारा वकील) थेट नेमायचा, म्हणजे डायरेक्ट अ‍ॅक्सेस. एकूण किती धरायचे, आणि कोटात न दिसणारं काय असतं? जाणकारांनी कृपया सांगावं.

हॅरोहून

नमस्कार,
आधी बेरीज करू. ब्रीफ फीमध्ये तयारी आणि सुनावणीचा पहिला दिवस येतो. पुढच्या प्रत्येक दिवसाला रिफ्रेशर, म्हणजे दोन दिवसांचे २,२००. झाले ५,०००. त्यावर २० टक्के व्हॅट १,०००. एकूण ६,००० पौंड. ज्या बॅरिस्टरची व्हॅट नोंदणी नाही तो व्हॅट लावत नाही, त्यामुळे दोन कोट ताडून बघायचे तर दोन्ही व्हॅटसकट मांडा.

आता कोटात बहुधा नसलेल्या गोष्टी. सुनावणीआधीची कॉन्फरन्स (बॅरिस्टरबरोबरची बैठक), तुमचं विटनेस स्टेटमेंट (लेखी साक्ष) तपासणं, नुकसानभरपाईचा तक्ता, आणि त्याआधी एखादी प्रिलिमिनरी हिअरिंग असेल तर तिची फी. स्केलेटन आर्ग्युमेंट (युक्तिवादाचा लेखी आराखडा) ब्रीफ फीत धरलेलं आहे का, हेही विचारा. हे सगळं क्लार्कला विचारायचं. चेंबर्समध्ये फी ठरवण्याचं काम क्लार्कचं असतं, त्यात संकोच नको. एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलच्या कामासाठी फी कशी आकारतात, साधारण किती होते आणि वरखर्च काय, हे डायरेक्ट अ‍ॅक्सेस घेणाऱ्यांनी वेबसाइटवर द्यावं असा बॅरिस्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या बार स्टँडर्ड्स बोर्डाचा नियमच आहे. बॅरिस्टर डायरेक्ट अ‍ॅक्सेससाठी पात्र आहे की नाही, ते त्यांच्या रजिस्टरवर नाव घालून पाहता येतं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते ब्रीफ 'पोचल्याच्या' तारखेत. काम सुरू होण्याआधी क्लायंट केअर लेटर येतं, तोच तुमचा करार. ब्रीफ फी कोणत्या तारखेपासून पूर्ण लागू होणार, हे त्यात लिहिलेलं असतं. ट्रायब्युनलमधली बरीच प्रकरणं सुनावणीच्या तोंडावर 'एकास' (ACAS, नोकरीच्या तंट्यात समेट घडवणारी सार्वजनिक संस्था) हिच्यामार्फत मिटतात. म्हणजे सुनावणीच्या आदल्या दिवशी समेट झाला, बॅरिस्टर उभाही राहिला नाही, तरी २,८०० अधिक व्हॅट अंगावर येऊ शकतात. म्हणून सही करण्याआधी टप्पे मागा: चौदा दिवस आधी मिटलं तर किती, सात दिवस आधी किती, दोन दिवस आधी किती. बरेच क्लार्क देतात, पण मागितलं तरच. रिफ्रेशरचंही तसंच. सुनावणी दोन दिवसांत संपली तर तिसऱ्या दिवसाचे पैसे लागणार का, ते लेखी घ्या. समेटाची बोलणी करताना हे आकडे शेजारी ठेवा, नाहीतर मिळालेल्यातला मोठा वाटा फीतच जाईल.

आणि जिंकलात तरी ही फी समोरच्याकडून मिळत नाही. ट्रायब्युनलमध्ये ज्याचा खर्च त्याने करायचा असतो. मुख्यतः समोरच्याचं वागणं अवाजवी असेल किंवा बचावात काहीच दम नसेल तर खर्चाचा हुकूम होऊ शकतो, तोही क्वचित. तेव्हा दाव्याची वास्तव किंमत किती, हे ६,००० देण्याआधी कळायला हवं. माझ्या मते पहिला खर्च लेखी सल्ल्यावर करावा: ठरलेली फी, कागद वाचून बाजू कितपत टिकेल आणि किती मिळू शकेल, एवढंच. दावा दुबळा असेल तर तिथेच थांबता येतं.

घराच्या विम्यात लीगल कव्हर आहे का तेही आज बघा. असेल तर विमा कंपनीला कळवल्याशिवाय बॅरिस्टर नेमू नका. परवानगी न घेता केलेला खर्च ते सहसा देत नाहीत. युनियनचे सभासद असाल तर त्यांनाही आधीच विचारा.

मिल्टन कीन्सहून

ताईंनी फीचं सांगितलं, मी कामाचं सांगतो. सॉलिसिटरचे पैसे वाचतात कारण त्याचं काम तुमच्याकडे येतं. बॅरिस्टर थेट नेमण्याची ही पद्धत २००४ पासून आहे, पण बहुतेक बॅरिस्टरांना लिटिगेशन, म्हणजे दाव्याचं औपचारिक कामकाज, चालवण्याची मुभा नसते. ईटी-१ (दाव्याचा अर्ज) भरणं, ट्रायब्युनलला आणि समोरच्या वकिलांना ईमेल पाठवणं, मुदती सांभाळणं तुमच्याकडेच. पत्राचा मसुदा बॅरिस्टर करून देईल, तो सहसा तुमच्या नावाने जातो. अशिलाचे पैसे तो सांभाळून ठेवू शकत नाही, त्यामुळे तज्ज्ञाची किंवा भाषांतराची फी तुम्हीच परस्पर द्यायची. ट्रायब्युनलला दाव्याची फी नाही, तेवढं बरं. दावा अजून दाखल केला नसेल, तर बॅरिस्टर शोधताय म्हणून त्याची मुदत थांबत नाही. आधी 'एकास'कडे अर्ज, मग बाकीचं.

खरी गळती वाचनात आहे. पानाला एक मिनिट धरलं तरी ६०० पानांना दहा तास. तासाने फी लावली तर ताशी २०० पौंडांनी २,००० झाले, आणि त्यातली २०० पानं एकाच ईमेलच्या नकला असतात. बंडल (सुनावणीच्या सगळ्या कागदांची फाइल) बहुधा कंपनीच करते, पण तुमचे कागद तुम्ही निवडून, यादीसह द्यायचे असतात. तारखेप्रमाणे लावा. ईमेलच्या साखळीतली शेवटची, पूर्ण प्रतच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट अर्धवट कापलेले नकोत, पाठवणारा आणि तारीख दिसली पाहिजे. पीडीएफमधला पान क्रमांक आणि छापील क्रमांक एकच ठेवा. नाहीतर साक्षीच्या वेळी 'पान १४२' म्हटल्यावर प्रत्येकजण वेगळं पान उघडतो.

क्लार्कला पहिल्या ईमेलात फक्त एवढंच पाठवा: एक पानी तारीखवार घटनाक्रम, ईटी-१ आणि कंपनीचं उत्तर ईटी-३, ट्रायब्युनलचा शेवटचा आदेश, सुनावणीच्या तारखा, आणि समोरच्या पक्षाची व साक्षीदारांची नावं. हितसंबंध आडवे येतात का, हे ते आधी तपासतात. ओळखीसाठी पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा लागेल. डायरेक्ट अ‍ॅक्सेसमध्ये बॅरिस्टर काम नाकारू शकतो, म्हणून दोघा-तिघांना विचारलेलं बरं. करार त्या एका बॅरिस्टरशीच असतो. आयत्या वेळी तो दुसऱ्या खटल्यात अडकला तर बदली आपोआप येत नाही, बदलीशी नवा करार करावा लागतो.

स्लावहून

दोघांचेही आभार. एकच राहिलं: नोकरीबरोबर व्हिसाही गेला आणि सुनावणीआधी पुण्याला परतावं लागलं, तर?

हॅरोहून

बॅरिस्टरला पुण्याहून सूचना द्यायला अडचण नाही. कायमचे परतला असाल तर खाजगी अशील म्हणून त्याच्या फीवर सहसा यूकेचा व्हॅटही लागत नाही, तेव्हा पत्ता बदलताच क्लार्कला कळवा.

साक्षीचं मात्र वेगळं आहे. भारतातून व्हिडिओवर साक्ष देता येईलच, असं गृहीत धरू नका. दुसऱ्या देशातून तोंडी साक्ष द्यायची तर त्या देशाची हरकत नाही ना, हे ट्रायब्युनल आधी बघतं, आणि त्या चौकशीला वेळ लागतो. सुनावणी नुसती ऐकण्याला किंवा बॅरिस्टरने युक्तिवाद करण्याला ही अट नाही, साक्षीला आहे. तिकीट काढताच ट्रायब्युनलला लेखी कळवा, कुठल्या देशातून साक्ष देणार ते लिहा, आणि त्याच ईमेलची प्रत समोरच्या वकिलांना पाठवा. उत्तर येईपर्यंत, शक्य असेल तर सुनावणीच्या आठवड्यासाठी इकडे येण्याचा खर्च बजेटमध्ये धरून ठेवा. तेवढ्यासाठी कोणता व्हिसा चालेल, हे इमिग्रेशनच्या जाणकाराला विचारा, एम्प्लॉयमेंटच्या बॅरिस्टरला नाही.